बेथेलचे वडील कोण?

जालन्याजवळच्या बेथेलविषयी जे काही छापलं गेलं आहे ते वाचताना एक गोष्ट पहिल्या पानापासून खटकते. मंडळी मांगा-महारांची आणि इतिहास मात्र एका ब्राह्मणाचा. रेव्हरंड नारायण शेषाद्री शिकले, ख्रिस्ती झाले, जालन्याला आले, निजामाच्या दिवाणाकडून जमीन मिळवली, गाव वसवलं, देऊळ उभं केलं, विलायत-अमेरिका फिरले आणि वारले. संपला बेथेलचा इतिहास. मग त्या देवळात दर रविवारी बसत होतं कोण? भिंतीचे दगड वाहिले कुणी? विहीर खणली कुणी? याला उत्तर एकच शब्दाचं मिळतं: 'मांग'. नाव नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. फक्त जात आणि आकडा.

शेषाद्रींना लहान करण्यासाठी हे लिहीत नाही. तो माणूस लहान नव्हताच. पण मंडळीचा इतिहास आणि पाळकाचं चरित्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गल्लत कशी झाली आणि त्यात कुणाचं काय गेलं, एवढंच इथे तपासायचं आहे.

सुरुवात १८४३ पासून करावी लागते. मुंबईत स्कॉटिश मिशनची इंग्रजी शाळा होती. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे तिथले नावाजलेले मिशनरी. शाळेत पांढरपेशांची पोरं येत. १८३९ साली याच शाळेतल्या पारशी मुलांच्या धर्मांतरावरून कोर्टकचेऱ्या होऊन गेल्या होत्या. १८४३ साली नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा-तेराचं, तोही मिशनऱ्याच्या घरी जाऊन राहिला होता. बाप कोर्टात गेला, कोर्टाने पोरगं बापाच्या ताब्यात दिलं. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. मिशनऱ्याच्या घरचं अन्न खाल्लेल्या ब्राह्मणाच्या पोराला जातीत घ्यायचं की नाही? शास्त्री-पंडित दोन्ही बाजूंनी कंबर कसून उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या शुद्धीची बाजू घेतली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आज मराठी पत्रकारितेचा इतिहास लिहिणारा कुणीही हे प्रकरण गाळत नाही. बरोबरच आहे, गाळू नये.

पण पुढे काय झालं ते बघा. त्याच घरातला थोरला भाऊ वीसेक वर्षांनी जालन्याच्या मांगवाड्यात जाऊन राहिला. एका ब्राह्मणाच्या पोराने साहेबाच्या घरचा घास खाल्ला तर मुंबई-पुणं ढवळून निघालं. घरंच्या घरं मांगांची देव बदलून बसली, तर आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांच्यासाठी ओळसुद्धा खर्च केलेली नाही. म्हणजे धर्मांतर कुणी केलं यावर ते 'घटना' ठरतं की 'संख्या' ठरतं, हे आधीच ठरलेलं असतं.

याच १८४३ सालाला स्कॉटलंडात दुसरंच महाभारत चाललं होतं आणि बेथेल समजायला ते माहीत असणं जरूर आहे. तिथल्या सरकारमान्य प्रेसबिटेरियन चर्चमध्ये गावच्या जमीनदाराला एक हक्क होता: मंडळीवर कोण पाळक बसवायचा ते तो ठरवी. मंडळीला नको असला तरी. या हक्काविरुद्ध दहा वर्षं भांडण चाललं आणि मे १८४३ मध्ये साडेचारशेच्या वर पाळक आपली घरं, पगार, देवळं सोडून बाहेर पडले. त्यांनी फ्री चर्च काढलं. तत्त्व काय? जमीन तुझी असेल, पण मंडळी तुझी नाही. पाळक मंडळीने निवडायचा, मालकाने लादायचा नाही. मुंबईचे विल्सन आणि नेस्बिटही या फ्री चर्चकडे गेले. म्हणजे शेषाद्री ज्या चर्चचे पाळक झाले ते चर्चच मुळी मालकशाहीविरुद्धच्या बंडातून जन्मलेलं.

आता 'प्रेसबिटेरियन' हा शब्द घ्या. आपल्या माणसांनी तो 'प्रेसबिटेरी' म्हणून उच्चारला आणि सोडून दिला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ म्हातारा, जाणता, वडीलधारा माणूस. मराठी बायबलात त्याला सरळ 'वडील' म्हटलं आहे. या पंथात बिशप नाही. मंडळी आपल्यातले वडील निवडते. ते वडील आणि पाळक मिळून स्थानिक मंडळीचा कारभार बघतात. कुणाला बाप्तिस्मा द्यायचा, कुणाला प्रभुभोजनाला घ्यायचं, कुणाची चूक झाली तर त्याला काय सांगायचं, हे ते ठरवतात. आजूबाजूच्या मंडळ्यांची मिळून एक वरची सभा असते. तिच्यातही नुसते पाळक नाहीत, प्रत्येक मंडळीचा वडील पाळकाच्या बरोबरीने बसतो आणि त्याला मत असतं.

मित्रहो, हे 'वडील' प्रकरण गावगाड्यात नेऊन ठेवा म्हणजे त्याचं वजन कळेल. सत्तर वर्षांच्या मांगाला पाटलाचं सात वर्षांचं पोरगं एकेरी नावाने हाक मारायचं. नावसुद्धा नीट नाही, मोडून-तोडून. मांगाला वय नव्हतं. तो म्हातारा व्हायचा पण वडील कधी व्हायचा नाही. आणि इथे एक धर्म आला जो म्हणतो, तुमच्यातून वडील निवडा, ते पाळकाशेजारी बसतील, त्यांच्याशिवाय मंडळी चालणार नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांगाच्या मुलीने 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आम्हाला माणूस का मोजत नाही, असा त्या निबंधाचा एकूण सूर. प्रेसबिटेरियन घटना, निदान कागदावर, त्याला उत्तर देत होती: मोजतो, आणि वडील म्हणून मोजतो.

म्हणून बेथेलच्या इतिहासाला विचारायचा पहिला प्रश्न 'पाळक कोण' हा नाही, 'वडील कोण' हा आहे. आणि नेमकं त्याचंच उत्तर छापील इतिहासात नाही.

जमिनीची गोष्ट याहून अवघड आहे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. फौजेची छावणी, कापूस-धान्याची बाजारपेठ. 'जालना सोने का पालना' अशी म्हणच आहे. त्या पाळण्याचा दोर मांग वळायचा आणि त्याला कुणी पाळण्यात घालत नव्हतं. दोर, कासरा, शिंकं, केरसुणी करणं, लग्नात वाजवणं, मरीआईचं करणं आणि त्या बदल्यात सुगीला बलुतं मागणं, हे त्याचं जगणं. आता हा माणूस ख्रिस्ती झाला की काय होतं? देवीपुढे हलगी वाजवायला तो जात नाही. गाव म्हणतं, मग बलुतं कशाचं? म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर पोटच तुटतं. शेषाद्रींना हे कळलं, हा त्यांचा मोठेपणा. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ शेकडो एकर जमीन मिळवली, सारा काही वर्षं माफ करून घेतला आणि तिथे ख्रिस्ती झालेल्यांचं गाव वसवलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर.

हे नाव कुठून आलं ते बायबल वाचणाऱ्याला ठाऊक आहे. घरातून पळालेला याकोब रात्री गावाबाहेर उघड्यावर दगड उशाला घेऊन निजतो आणि त्याला आभाळाला लागलेली शिडी दिसते. गावकुसाबाहेर दगड उशाला घेऊन निजणं मांगाला नवीन नव्हतं, शिडी नवीन होती. बाबासाहेबांनी १९२० च्या 'मूकनायका'त हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, जो ज्या मजल्यावर जन्मला तो त्याच मजल्यावर मरणार. त्यांच्या आधी पन्नासेक वर्षं जालन्याच्या मांगाने शिडीच्या नावाचं गाव धरलं होतं. ही साधी गोष्ट नव्हे.

पण आता फ्री चर्चचं तत्त्व आठवा. जमीन एकीकडे, मंडळी एकीकडे. बेथेलला काय झालं? जमीन ज्याच्या शब्दावर मिळाली तोच पाळक. सालारजंगांशी बोलणारा तोच, स्कॉटलंडला अहवाल धाडणारा तोच, १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटं बांधून भाषण करणाराही तोच. बेथेलमध्ये राहायचं म्हणजे त्यांच्या जमिनीवर राहायचं. पाळक, पाटील आणि मालक एकाच अंगरख्यात. माणूस कितीही सज्जन असो, ज्याच्या जमिनीवर झोपडं आहे त्याच्यासमोर वडीलसभेत 'नाही' म्हणायला मांगाला किती छाती लागत असेल? स्कॉटलंडातल्या शेतकऱ्याने जे दार लाथेने उघडलं ते इथे प्रेमाने लावून घेतलं गेलं. दोष एकट्या शेषाद्रींचा नाही. मिशनच्या पैशावर आणि दरबारच्या मेहेरबानीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक ख्रिस्ती वस्तीत ही गाठ आहे. पण ती गाठ आहे एवढं तरी इतिहासाने म्हणायला हवं होतं. इतिहास म्हणतो, ते लोकांचे मायबाप होते. मायबाप हा शब्द आम्ही ओळखतो. साहेबाला, पाटलाला, सावकाराला आम्ही तोच म्हणत आलो.

मंडळी वाढली कशी, याचंही एक ठराविक वर्णन आहे. पाळकाने उपदेश केला, लोकांची अंतःकरणं वितळली, बाप्तिस्मे झाले. असं कधी होतं काय? १९३३ साली वॅस्कम पिकेट नावाच्या मिशनऱ्यानेच हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांच्या सामुदायिक धर्मांतरांचा मोठा अभ्यास छापला. त्याला दिसलं ते हे की असा धर्म जातीच्या आणि सोयऱ्या-धायऱ्यांच्या वाटेने पसरतो. मामाकडून भाच्याकडे, सासरहून माहेरी. म्हणजे खरा प्रचारक कोण? लेकीला बाळंतपणाला आणायला गेलेली आई. वाजंत्र्यांच्या ताफ्याबरोबर दहा गावं फिरणारा सनईवाला. बाजारात दोर विकताना शेजारच्या गावच्या साडूला 'आमच्याकडं असं असं झालंय' म्हणून सांगणारा माणूस. यांना मिशनने पगार दिला नाही म्हणून अहवालात त्यांचं नाव नाही. पण ज्या रस्त्यांनी मंडळी वाढली ते रस्ते मांगांनी पायांनी पाडलेले होते. शेषाद्री त्या रस्त्याने गेले, त्यांनी तो पाडला नाही.

आणि एक घाव इथे नेहमी घातला जातो: हे लोक पोटासाठी ख्रिस्ती झाले. हिंदू म्हणतो, खासगीत मिशनरीही म्हणायचा. यावर नीट बोलून टाकू. विल्सनसाहेबांच्या शाळेत ब्राह्मण-प्रभू-पारशांची पोरं कशाला जात होती? बायबलसाठी? इंग्रजीसाठी जात होती, सरकारी नोकरीसाठी जात होती. त्यांना इतिहास 'जिज्ञासू' म्हणतो. मांग जमिनीच्या तुकड्यासाठी आला तर त्याला 'पोटार्थी' म्हणतो. भूक दोघांनाही होती. एकाच्या भुकेला विद्येची तहान म्हणायचं आणि दुसऱ्याच्या भुकेला लाचारी, हा भाषेतला जातिभेद आहे. शिवाय ज्याने बलुतं सोडलं त्याला जमीन मिळाली तर ते आमिष कसं? ती सोडलेल्या भाकरीची भरपाई झाली, तीही अपुरी.

आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची घडणही याच भेदावर झाली आहे. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' घ्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. दोन्ही मोठी पुस्तकं. 'स्मृतिचित्रे'मधली बाई सोवळ्याओवळ्याशी जी झुंज देते ती प्रामाणिक आहे, वाचताना तिच्याविषयी माया वाटते. पण या पुस्तकांनी धर्मांतराच्या कथेचा एक साचा पाडला. एकटा माणूस, मनातली खळबळ, घरच्यांचा विरोध, आणि मग त्याग. घर सोडलं, जात सोडली, आई सोडली, मान सोडला. साचा चांगला आहे, पण तो ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही होतं त्याचा आहे. मांगाने काय सोडायचं? मेलेल्या ढोराची वाटणी? तो एकटाही येत नाही, घर घेऊन येतो, भावकी घेऊन येतो. त्याच्या गोष्टीत 'मी' नाही, 'आम्ही' आहे. त्यागाच्या मापाने मोजलं की ही गोष्ट गोष्टच वाटत नाही, जनावरांचा कळप इकडून तिकडे हाकल्यासारखी वाटते. म्हणून मग कळपाची संख्या लिहायची आणि हाकणाऱ्याचं चरित्र लिहायचं. बेथेलचा इतिहास शेषाद्रींच्या चरित्रात का संपतो, त्याचं वाङ्मयीन कारण हे आहे.

दलित समीक्षेने तरी हा साचा मोडायला पाहिजे होता. तिने बलुतं, गावकूस, पोतराज, मुंबईची झोपडपट्टी सगळं तपासलं. अण्णाभाऊंच्या निमित्ताने मांगाचं जगणं मराठीत आलं. पण ख्रिस्ती मांग म्हटला की आपली लेखणी अडखळते. तो 'त्यांच्यात गेला' असं वाटतं. कुणाच्यात गेला? १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, पुढे त्यातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभं राहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: भारतातल्या चर्चमध्ये बहुसंख्य दलित, आणि चर्चचं तत्त्वज्ञान मात्र उपनिषदांशी गप्पा मारणारं. दलिताने आपल्या दुःखापासून सुरुवात करावी. ही भाषा आपलीच आहे. तरी मराठी दलित नियतकालिकांत तिची दखल किती?

बाबासाहेबांनी मात्र या प्रश्नावर डोळे मिटले नव्हते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी मिशनऱ्यांना सुनावलं की अस्पृश्याला ख्रिस्ती केलं की तुमचं काम संपतं, त्याच्या हक्कांसाठी तुम्ही भांडत नाही. त्यांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड १९८९ साली निघाला. त्यात मिशनऱ्यांवरची त्यांची मोठी टीका आहे. आधी ब्राह्मण ख्रिस्ती करावा, मग धर्म आपोआप खाली झिरपेल, या समजुतीने मिशनने शाळा-कॉलेजांवर शक्ती घालवली, असं ते म्हणतात. बेथेल हा या समजुतीचा विचित्र निकाल आहे. ब्राह्मण तर मिळाला, पण त्याच्या मागे ब्राह्मण आले नाहीत, मांग आले. इतिहास मात्र अजून ब्राह्मणाकडेच बघत बसला आहे.

हा सगळा जुना कागदी वाद आहे, असं कुणाला वाटेल. नाही. १८९१ साली परदेशातून परतताना शेषाद्री जहाजावर वारले. त्यानंतर त्यांच्या चर्चने कितीतरी पाट्या बदलल्या. स्कॉटलंडात १९०० साली एक जोड झाली, १९२९ ला दुसरी. इकडे १९२४ साली उत्तर हिंदुस्थानचं संयुक्त चर्च झालं आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ज्या परंपरेत बिशप नव्हता तीही बिशपाखाली आली. पण सरकारी पाटी एकदाच बदलली आणि ती सगळ्यात जड गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिला. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने हा भेद काढा म्हणून सांगितलं, २०२२ साली आणखी एक आयोग नेमला गेला. तोवर पिढ्या गेल्या. एका पणजोबाच्या दोन शाखा: एकीचा माणूस हिंदू मांग राहिला, त्याला दाखला. दुसरीच्या म्हाताऱ्याने बाप्तिस्मा घेतला, त्याच्या पणतवंडाला नाही. गल्ली तीच, गावाची नजर तीच. म्हणून कितीतरी घरांत शाळेत एक नाव आणि चर्चमध्ये दुसरं नाव, अशी दोन नावांची माणसं वाढली.

इथे दोन्हीकडून फसवणूक आहे. चर्चचा इतिहास म्हणतो, ख्रिस्तात जात उरली नाही. सरकार म्हणतं, चर्चच म्हणतं उरली नाही तर हक्क कशाला? आणि मांगाने गावात काय सोसलं, मंडळीत काय कमावलं, हे सांगणारा कागद कुणाकडे मागायचा? चरित्रात तो मिळणार नाही, कारण चरित्रात त्याचं नावच नाही.

तो मिळाला तर मंडळ्यांच्या कपाटात मिळेल. जिथे जिथे जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नाची बुकं, वडीलसभेच्या कामकाजाच्या वह्या टिकल्या असतील तिथे तिथे. ज्या माणसाला गावाने मोडकं नाव दिलं त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव आणि तारीख पहिल्यांदा शाईने उतरली ती त्या पानावर. कुणाला शिक्षा म्हणून भोजनापासून दूर ठेवलं, कुणी पाळकाच्या विरुद्ध मत दिलं, कुणी वर्गणी म्हणून ज्वारी दिली, हेही अशाच पानांवर असतं. समीक्षकाला हे वाङ्मय वाटणार नाही. आम्हाला वाटतं. त्यात अलंकार नाहीत, पण त्यात माणसं आहेत.

जालना, औरंगाबाद, पुणे, कोल्हापूर, मिरज, जिथे कुठे प्रेसबिटेरियन मिशनच्या जुन्या मंडळ्या आहेत तिथल्या तरुणांनी एवढं करावं. सेक्रेटरीकडून कपाटाची किल्ली मागावी. वाळवी लागण्याआधी वहीत नावं उतरून घ्यावीत. आजीला विचारावं, हा कोण, ही कुणाची सून. शताब्दीची पुढची स्मरणिका काढाल तेव्हा पहिल्या पानावर साहेबाचा किंवा पाळकाचा फोटो टाकायची घाई करू नका. आधी वडिलांची नावं छापा, पहिल्या वडिलापासून सगळी. फोटो मागच्या पानावर चालेल.